एकराला किती दिवसांचं काम?

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या गावातल्या कुणाही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल, "माणूसच मिळत नाही." सोयाबीन वाळून शेंगा तडकायला आलेल्या असतात, डोक्यावर ढग असतात आणि काढणीच्या टोळीचा उक्ता भाव रोज सकाळी चढलेला असतो. दिवाळी उरकली की त्याच गावाच्या वेशीबाहेर ट्रक उभे राहतात. अंथरूण, भांडी, कोंबड्या, लेकरं असं सगळं बिऱ्हाड वर चढतं आणि सांगली-कोल्हापूरच्या, कर्नाटकाच्या उसाच्या फडाकडे निघतं. त्या ट्रकमधल्या बायाबापड्यांना विचारा, त्या सांगतील, "इथं कामच नाही." दोघंही खरं बोलतात. बरेचदा ती दोन माणसं नसतातच. ऑक्टोबरात मजूर शोधत हिंडणारा तीन एकरांचा मालक नोव्हेंबरात स्वतःच मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बायकोसोबत कोयत्यावर, ऊस तोडायला, गेलेला असतो.

आमचा भाग मराठवाड्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला, कोरडवाहू. चार एकर जमीन, त्यात सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी, ओल राहिली तर दोन एकर हरभरा. एका वर्षी मी ठरवून एक वही घातली. खर्च-उत्पन्नाची वही घरात होतीच. या वहीत फक्त दिवस लिहिले, कुठल्या कामाला किती माणसं लागली आणि किती वेळ लागली. पेरणी ट्रॅक्टरने, म्हणजे एकराला तास-पाऊण तास. पूर्वी खुरपणीला बायकांची रांग लागायची, तिथे आता तणनाशकाचा एक हात फिरतो. दोन-तीन फवारण्या, काढणीला एकरी पाचेक माणसं, मग मळणी यंत्रावर अर्धा दिवस. बेरीज केली तेव्हा सोयाबीनला एकरी चौदा दिवस भरले. तूर आणि हरभरा धरून चार एकरांचं वर्षाचं काम झालं पंच्याऐंशी दिवस. घरात कामाची माणसं तीन. म्हणजे आमच्या जमिनीने प्रत्येकाला वर्षाचे तीस दिवससुद्धा काम दिलं नव्हतं, आणि जे दिलं तेही दोन गठ्ठ्यांत, जूनमध्ये थोडं आणि ऑक्टोबरात एकदम.

लहान शेतीने खेड्यात रोजगार निर्माण होतो, असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो. ती वही घातल्यापासून ते वाक्य मी अर्धंच म्हणतो. जमीन लहान आहे एवढ्याने काम निर्माण होत नाही. ते एकराला किती दिवस माणूस लागतो आणि ते दिवस वर्षभर कसे पसरतात, यावर ठरतं. आणि हे दैवाने ठरत नाही. पाणी कुणाला द्यायचं, अनुदान कशाला द्यायचं, माल कुठे भरडायचा, हे सरकार आणि आपण मिळून ठरवत असतो. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्याभोवती आहे.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहितीचं क्षेत्र ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं. देशात १.०८. दोन हेक्टरांच्या आतले खातेदार देशात ८६ टक्के. इतक्या तुकड्यांवर ना यंत्र परवडतं, ना विहीर, ना बाजाराशी सौदा करायची ताकद येते. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी आणि कामकऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे तिथेच अडकलेले. तेव्हा माणसं शेतीतून बाहेर काढा, जमिनी एकत्र होऊ द्या, असं अनेक अर्थतज्ज्ञ सांगतात. १९४७ साली आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा झाला, त्यामागेही बांधाबांधांनी चिरलेल्या जमिनीची हीच काळजी होती.

पण बाहेर काढायचं ते कुठे? माणसं आपणहून निघतच होती. २०१८-१९च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातल्या कामकऱ्यांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते. मग टाळेबंदी आली, शहरांनी माणसं परत पाठवली, आणि ती सगळी पुन्हा गेली असं झालं नाही. २०२३-२४ साली हाच आकडा ४६.१ टक्के होता. कारखान्यांनी बोलावलं असतं तर ही माणसं बांधावर बसून राहिली नसती. आमच्या गल्लीतली पुण्याला गेलेली सहा पोरं आहेत. त्यातली दोन कायम नोकरीत आहेत, बाकीची ठेकेदाराकडे किंवा दुचाकीवरून पार्सल पोचवतात. त्यांना दोष द्यायचा नाही, कष्टाने कमावतात. पण याला शेतीतून सुटका म्हणताना माझी जीभ अडखळते.

दुसरा मुद्दा उत्पादनाचा. अमर्त्य सेन यांनी १९६२ साली शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्यांवरून दाखवलं होतं की शेताचा आकार वाढत जातो तसं एकरी उत्पादन घटत जातं. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण त्यामागचं कारण कुठल्याही शेतकऱ्याला कळेल. लहान शेतात घरची माणसं राबतात आणि ती घड्याळ लावून राबत नाहीत. बांधावर घेवडा लावतात, पाटाच्या कडेला मिरची लावतात, वासराला गवत कापून आणतात. मोठा मालक मजुरी परवडते तिथवरच माणूस लावतो. तैवानने १९४९ साली कसणाऱ्याने जमीनमालकाला द्यायचा खंड पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर बांधला, १९५३ साली कसणाऱ्याला जमीन दिली आणि सुमारे हेक्टरभराच्या शेतांतून वर्षाला अनेक पिकं काढली. पुढच्या दशकात त्यांची डबाबंद अळंबी आणि शतावरीचे कोंब परदेशी जात होते. तिथला कारखानदारीचा उदय शेतं रिकामी करून झाला नाही, शेतांतल्या कामातून जो पैसा खेड्यात खेळला त्यानेही त्याला हातभार लावला.

मग आमच्या चार एकरांत हे का होत नाही? कारण आमच्या पिकाला हातच नको आहेत. सोयाबीन आमच्याकडे आलं तेव्हा त्याने आम्हाला तारलं, हे मी नाकारत नाही. नव्वद-शंभर दिवसांत पैसा हातात यायचा. पण ज्या ज्वारी-करडई-मूग-भुईमुगाच्या फेऱ्याला त्याने हटवलं त्यात वर्षाचं काम होतं आणि कडबाही होता. कडबा गेला तशी जनावरं गेली, जनावरं गेली तसं शेणखत गेलं आणि रोजचं काम गेलं. आता भाव पडला की काहीच उरत नाही. २०२४च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर सोयाबीन त्याच्या कितीतरी खाली विकलं जात होतं. ज्याच्या मालाला भाव नाही त्याने मजुराला नीट रोज कुठून द्यायचा?

याच राज्यात दुसरं चित्रही आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात बागा दोन एकर, तीन एकर अशाच आहेत, पण तिथे माणूस लागत नाही असा आठवडा क्वचित येतो. एप्रिलची खरड छाटणी, मग काडीची विरळणी, शेंडे मारणं, ऑक्टोबरची फळ छाटणी, डोळ्यांना पेस्ट, फेलफूट काढणं, घड बुडवणं, मण्यांची विरळणी, घडाला कागद, शेवटी तोडणी आणि पॅकिंग. विरळणीचं काम मी एकदा दिवसभर बघत बसलो होतो. हातात बारीक कात्री घेतलेल्या बायका मांडवाखाली उभ्या राहून एकेक घड असा मोकळा करत होत्या की मला आईची तांदूळ निवडतानाची बोटं आठवली. तिथल्या नाक्यांवर सकाळी पेठ, सुरगाणा, हरसूलकडून मजूर येतात. मोहाडीला शेतकऱ्यांनीच उभी केलेली सह्याद्री ही उत्पादक कंपनी आहे, विलास शिंदे तिचे प्रमुख. निर्यातीची द्राक्षं तिथून जातात, टोमॅटोची पेस्ट आणि सॉस तिथे होतो, आणि शेतातल्या मजुरीखेरीज हजारो माणसांना तिथे काम मिळतं. भागधारक शेतकरी बहुतेक लहानच.

या चित्रातलं जे खुपतं ते झाकून ठेवणार नाही. सुरगाण्याहून येणारा मजूर हाही लहान शेतकरीच आहे. त्याच्या भात-नागलीच्या उतारावर पावसाळा सरला की काम नाही. एका लहान शेताने दुसऱ्या लहान शेताला मजूर केलं आहे. शिवाय द्राक्ष हे कर्जाचं पीक आहे, एका अवकाळीत बाग आणि बागाईतदार दोन्ही झोपतात. सगळ्यांनी द्राक्ष लावा असं मी म्हणूच शकत नाही. बालाघाटात तेवढं पाणीही नाही.

पाण्याशी आलं की आपल्याकडे आवाज खाली जातो. महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी साधारण पाचवा हिस्साच ओलिताखाली आहे, आणि त्या ओलिताचा फार मोठा वाटा थोड्याशा क्षेत्रावरचा ऊस पितो. उसाला बांधील गिऱ्हाईक आहे, ठरलेला दर आहे, म्हणून शेतकरी तो लावतो. त्यात त्याची चूक नाही. पण रोजगाराच्या बाजूने पाहा. लावण आणि बांधणी झाली की उसाचं बहुतेक काम तोडणीला उरतं, आणि ती करायला कोरडवाहू भागातली लाखो माणसं आपलं गाव सोडून येतात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता, घेतलेली उचल फेडायला पाच-सहा महिने, खोपीत संसार, लेकरांची शाळा बुडालेली. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आमच्या गावातल्या बायका ती बातमी वाचून चकित झाल्या नाहीत, एवढंच मला माहीत आहे. जे पाणी वरच्या अंगाला दोन पाळ्या देऊन आमच्या रब्बीला, भाजीला, चाऱ्याला पुरलं असतं, त्याच पाण्यावर वाढलेल्या उसाच्या मागे आमची माणसं जातात. पाण्याचं वाटप हा मला म्हणूनच रोजगाराचा प्रश्न वाटतो. एक घनमीटर पाण्यावर किती माणसांना किती दिवस काम मिळालं, हे कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात मला वाचायला मिळालेलं नाही.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी रोजगार हमी योजना मोठी केली. तिच्यामागे वि. स. पागे यांचा आग्रह होता; शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवून तिला पैसा उभा केला; १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. सगळ्या देशाने असा कायदा २००५ साली केला. आणि १९९० साली राज्याने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली, फळबाग लागवड याच योजनेला जोडली. लहान शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात खड्डे घ्यायचे, कलमं लावायची आणि त्याची मजुरी त्याला हमीतून मिळायची. रस्त्यावर खडी टाकून संपणारी मजुरी झाडात साठू लागली. सोलापूर-सांगोल्याकडची डाळिंबं, मराठवाड्यातली मोसंबी-सीताफळं, कोकणातले आंबा-काजू यांत त्या निर्णयाचा वाटा मोठा आहे. दुष्काळी कामावरचा एक दिवस पुढच्या वीस वर्षांच्या कामाचं बी होऊ शकतो, हे या राज्याने करून दाखवलं आहे, म्हणून त्याबद्दल आज काहीसं विस्मरण झालेलं पाहून वाईट वाटतं.

कोकणातून मात्र एक वेगळा धडा मिळतो. तिथे झाडं आली, पण तोवर घरं रिकामी झाली होती. मुंबईने कोकणातली तरणी माणसं कित्येक पिढ्या ओढून घेतली. सातबारावर भावकीतली वीस-पंचवीस नावं, त्यातली अर्धी लालबाग-परळहून पुढे विरार-बदलापूरला गेलेली. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. काम आहे, आणि ते करायला गावचा कुणी नाही. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या चांगल्या जाती दिल्या, गावोगाव बी फोडणारी छोटी केंद्रं निघाली आणि तिथे बायकांना बसून काम मिळतं, हे चांगलंच आहे. पण गाव एकदा मोडलं की नंतर आणलेलं काम त्याला परत जोडत नाही. आमच्या डोंगरपट्ट्यात अजून माणसं सहा महिने तरी गावात असतात. घाई आहे ती यासाठी.

बायकांचं काम वेगळं लिहायला हवं, कारण वहीत तेच सगळ्यात जास्त निसटलं होतं. मी पंच्याऐंशी दिवस मोजले तेव्हा आईने विचारलं, "शेळ्यांचं कुठं लिवलंस?" मी लिहिलंच नव्हतं. देशातल्या खेड्यांतल्या कामकरी बायकांपैकी ७६.९ टक्के शेतीत आहेत, आणि सातबारावर नाव असलेल्या फार थोड्या. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या काळात लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, पुष्कळ शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. त्यानंतर तेवढ्या ताकदीचं काही झालं नाही. लातूर-धाराशिव भागात प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना एक साधी मागणी करायला शिकवलं. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर माझ्या निर्णयावर सोडा. त्या एकरात बायकांनी सोयाबीन लावलं नाही. डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी अशी मिसळ लावली, रासायनिक खर्च कमी केला, उरलेलं विकलं. दुष्काळातही घरात खायला राहिलं. त्या एका एकरात कुणी ना कुणी रोज जातं.

दूध आणि शेळ्या-कोंबड्यांचंही तसंच. दोन म्हशी म्हणजे रोजचे चार तास काम, त्याला ना खरीप ना रब्बी. कोल्हापूरकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्यावर किराणा आणि पोरांची फी निघते, हे मी तिथे नातेवाइकांकडे पाहिलं आहे. २०१८-१९च्या राष्ट्रीय पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकाचे ३,७९८, मजुरीचे ४,०६३ आणि जनावरांचे १,५८२. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो, हे त्यातलं सगळ्यात बोलकं आहे. आमच्याकडे दूध संकलन तुटपुंजं आणि भाव पडला की पहिला फटका दूरच्या गावाला. तरी ज्या दोन घरांत चार-चार म्हशी आहेत, ती कोयत्यावर जात नाहीत.

एक प्रश्न माझी पुतणी विचारते आणि तो रास्त आहे. "काका, कामाचे दिवस वाढवून काय करायचं? कष्टच वाढतील." मी लहान शेतीला देव्हाऱ्यात बसवत नाही. वाकून वाकून कंबर मोडणारं काम यंत्राने जात असेल तर जाऊ द्यावं. भर उन्हात पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्या माणसाला कुणी रोजगाराच्या नावाखाली अडवू नये. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही ही आज गावोगावची गोष्ट आहे आणि मुलींचं काही चुकत नाही. ज्या कामाचा पैसा वेळेवर येतो, ज्याला सावली आणि बसायला जागा आहे, ते काम आणि उघड्यावरचं खुरपण यांत फरक आहे. म्हणूनच मला शेतात आणखी माणसं कोंबायची नाहीत. शेतातून निघालेल्या मालावरचं काम गावात हवं आहे.

तुरीचंच घ्या. जानेवारीत आमची तूर निघते, पोत्यात भरली जाते, लातूरच्या आडतीवर जाते, तिथल्या मिलमध्ये डाळ होते, आणि तीच डाळ पुडीतून आमच्या वेशीतल्या दुकानात परत येते. तूर भिजवणं, वाळवणं, तेल लावणं, भरडणं, पाखडणं, निवडणं, हे सगळं काम आमच्या आज्या घरी करत. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली मिनी डाळ मिल आहे, एका खोलीत बसते, सात-आठ बायकांच्या गटाला हंगामात चांगलं काम देते. आमच्या शेजारच्या गावात अशी एक मिल दोन वर्षं चालली. बंद पडली ती यंत्र बिघडल्यामुळे नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीत तूर विकत घेऊन ठेवायला गटाकडे पैसा नव्हता, बँकेने यंत्राला कर्ज दिलं आणि माल घ्यायला दिलं नाही. दिवसा वीज आठवड्याआड. गोदाम तालुक्याला. यंत्राचं अनुदान मिळालं, यंत्र चालवायला जे लागतं ते मिळालं नाही. हमी योजनेने जसं झाडाला पाणी घालायचे दिवसही मोजले, तसं इथे पहिल्या तीन हंगामांचं खेळतं भांडवल मोजायला हवं होतं.

बटईचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसण्याचं, असंच अर्धवट आहे. आमच्या शिवारातली बरीच जमीन आता पुण्या-मुंबईतल्या मालकांची, आणि ती कसतात बटईदार, तोंडी बोलीवर. कागद केला तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही मालकाची भीती. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, गारपिटीची भरपाई मालकाच्या खात्यावर. अशा जमिनीत कोण फळझाड लावेल, कोण शेततळं घेईल? तो पुन्हा सोयाबीनच पेरतो, कारण पुढच्या वर्षी जमीन त्याच्याकडे असेल की नाही हे त्याला ठाऊक नसतं. मालकाची मालकी पक्की ठेवून बटईदाराची नोंद करणारा, दोघांनाही निर्धास्त करणारा कायदा झाला, तर मला वाटतं कुठल्याही यंत्राच्या अनुदानापेक्षा जास्त कामाचे दिवस तो निर्माण करेल.

जिल्ह्याचा कृषी आराखडा दरवर्षी होतो. त्यात पेरणीक्षेत्र, बियाणं, खताचं आवंटन, कर्जाचं लक्ष्यांक असे रकाने असतात. त्यात एक रकाना घालावा, प्रत्येक गावात शेतीतून आणि शेतमालातून एकराला किती दिवस काम मिळालं. ग्रामसभेत तो वाचला जावा. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहावा, या दिवाळीनंतर गावातून किती कोयते गेले. आमच्या गावातून गेल्या वर्षी गेले ते मी मोजले होते. त्रेसष्ट. म्हणजे एकशेसव्वीस माणसं, आणि त्यांच्यासोबत गेलेली लेकरं मी मोजली नाहीत. यंदा मोजणार आहे.